हात लावायला कोणी नव्हतं

"मॅडम, तुम्ही फक्त लिहून द्या की आई एकटी राहू शकत नाही. तुमच्या लेटरहेडवर. बस, एवढंच."

नितीन माझ्या टेबलासमोर उभा होता. दोनदा बसा म्हटलं तरी बसला नव्हता. मागच्या खुर्चीत त्याची आई, द्वारकामावशी, मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरून भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत होत्या. बोलणं त्या सांगाड्याबद्दल चाललंय असा चेहरा होता त्यांचा.

मी बोळिंजमध्ये सव्वीस वर्षं फिजिओथेरपी करते. लोक माझ्याकडे पत्रं मागायला नेहमीच येतात. ऑफिसला रजा हवी, सोसायटीत खालचं पार्किंग हवं, मुलाला शाळेत पीटीतून सूट हवी. पण स्वतःच्या आईविरुद्ध पत्र मागायला आलेला हा पहिलाच.

प्रकरण असं होतं. मावशींचं घर जवळच्या गास गावात. दोन खोल्या, पडवी आणि मागे वाडी. नवरा गेल्यावर अकरा वर्षं त्या तिथे एकट्या राहत होत्या आणि मुळा, माठ, वांगी करत होत्या. गणपतीनंतर एका सकाळी वाफ्यांमधल्या ओल्या बांधावरून पाय घसरला आणि त्या आडव्या झाल्या. हाड मोडलं नाही. पण दोन तास त्या तिथेच चिखलात पडून होत्या. शेजारची कमळ मुळे उपटायला आली म्हणून कळलं. नितीनने त्याच दिवशी आईला उचलून बोळिंजच्या फ्लॅटवर आणलं. आता त्याचं म्हणणं होतं की वाडी दुसऱ्या कोणाला करायला द्यावी, घराला कुलूप लावावं आणि आईने इथेच राहावं. आई ऐकत नव्हती. म्हणून माझं लेटरहेड.

मुलगा वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. आई दोन तास चिखलात पडून होती हे सांगताना त्याचा आवाज फाटला होता.

मी म्हटलं, तपासल्याशिवाय मी कोणाबद्दल काही लिहीत नाही. मॅट अंथरली आणि मावशींना खाली बसवलं. खाली जाणं जमलं. मग म्हटलं, आता उठा, कोणाचीही मदत न घेता. त्या कुशीवर वळल्या, हातांवर आल्या, कशाबशा गुडघ्यांवर आल्या आणि तिथेच थांबल्या. मांड्या थरथरत होत्या. मिनिटभराने परत बसल्या. नितीनने धावत जाऊन उचललं. मावशींनी पदराने तोंड पुसलं, पण त्या घाम पुसत नव्हत्या.

"बघितलंत?" नितीन म्हणाला. त्यात विजय नव्हता, भीतीच होती.

मी म्हटलं, बघितलं. पत्र मी देते, पण आत्ता नाही. बारा आठवडे मला द्या. माघी गणपतीच्या आदल्या दिवशी ह्याच मॅटवर परत बघू. उठल्या तर त्या गासला जातील. नाही उठल्या तर मी स्वतःच्या हाताने लिहून देईन आणि मावशी परत वाद घालणार नाहीत. मावशींना विचारलं, कबूल? त्यांनी पहिल्यांदा सांगाड्यावरची नजर काढली आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. पेशंट घरात कसा वावरतो हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. नितीनची बायको श्वेता अतिशय गोड मुलगी. तिने सासूसाठी काय काय केलं होतं ते कौतुकाने दाखवलं. पलंग उंच करून घेतला होता. चहा हातात, पाणी हातात, नाश्ता हातात. भाजी निवडायची झाली तर ताट टेबलावर, म्हणजे खाली बसायला नको. आणि मावशी खुर्चीतून नुसत्या पुढे झाल्या तरी श्वेताचा हात त्यांच्या काखेत हजर. मी चहा पीत होते तेवढ्या वेळात तो हात चार वेळा गेला. श्वेताला ते कळतही नव्हतं आणि मावशींनाही नाही.

इथे थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. वय वाढलं की आपला स्नायू आपोआप झिजत जातो. बायकांचा पाळी गेल्यानंतर जास्त भराभर. हे थांबवायचा एकच खात्रीचा उपाय आहे, स्नायूला ओझं द्यायचं. आमच्या भाषेत प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात. म्हणजे आज जेवढं जड वाटतंय ते हलकं वाटायला लागलं की थोडं आणखी जड करायचं. नुसतं चालून हे होत नाही. घरकाम करतो म्हणूनही होत नाही, कारण घरकाम वर्षानुवर्षं तेवढंच राहतं. आणि ज्या बाईने आयुष्यभर डोक्यावर टोपल्या वाहिल्या तिला दोन महिने खुर्चीत बसवलं तर ती मऊ पडणारच. मावशींना आजार कसलाच नव्हता. त्यांना नुसतं लाडाने बसवून ठेवलं होतं.

हे मी श्वेताला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. मी म्हटलं, रडू नकोस गं, पण हात आवर.

आमच्या शेजारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी आठवड्यातून तीन सकाळी साठीच्या पुढच्या बायकांचा क्लास घेते. मावशींना तिथे आणलं. तिथे सगळ्यांच्या म्होरक्या म्हणजे साठेबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, वय बहात्तर, आणि अजूनही सगळं जग पाचवी ब समजून बोलतात. त्यांनी मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलं की क्लासला साडीवर यायचं नाही, पंजाबी ड्रेस घालायचा. मावशींनी ऐकून घेतलं आणि पुढच्या क्लासला साडीच, पण कासोटा घालून आल्या. साठेबाईंनी विषय तिथेच सोडला. आम्हा सगळ्यांपेक्षा त्या साडीत मावशींचे गुडघे जास्त मोकळे हलत होते.

मी मावशींच्या हातात एक किलोची डंबेल दिली. गुलाबी रंगाची, रबर चढवलेली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली.

"ह्याचं काय करायचं? पोरीचं खेळनं वाटतंय."

पुढच्या वेळी त्या रिक्षातून उतरल्या तेव्हा त्यांची पिशवी जमिनीला टेकत होती. आत तराजूची लोखंडी वजनं होती. अर्धा किलो, एक, दोन, पाच. तीस वर्षं ह्याच वजनांनी त्यांनी नालासोपाऱ्याच्या बाजारात भाजी तोलली होती. इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि वजनं पोत्यात गेली. नितीनकडून त्यांनी ती गासहून मागवून घेतली होती. त्यांनी दोन किलोचं वजन तळव्यात असं बसवलं की मी बघतच राहिले. हाताला ओळख असते.

मग सुरुवात झाली. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, हा आमचा मुख्य व्यायाम. अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी मावशी पाच वेळा उठल्या. तिसऱ्या आठवड्यात आठ. सहाव्या आठवड्यात छातीशी दोन किलोचं वजन धरून अकरा. पायरीवर चढउतार, भिंतीला हात लावून दंड, पाच किलोचं वजन जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवणं. साठेबाई तिसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीत आल्या, मावशींच्या शेजारी. आम्ही स्पर्धा करत नाही असं दोघी मला सांगायच्या आणि एकमेकींचे आकडे चोरून मोजायच्या.

मी मनातून खूश होते. नितीनला मी फोनवर सांगूनही टाकलं होतं, बघत राहा.

आणि मग गाडी अडली.

जमिनीवरून उठणं काही होईना. त्याच्या पायऱ्या असतात. आधी कुशीवर वळायचं, मग रांगायच्या अवस्थेत यायचं. मग एक पाऊल पुढे टाकायचं, म्हणजे एक गुडघा जमिनीवर आणि दुसरा पाय उभा. तिथून पुढच्या मांडीवर हात रेटून उभं राहायचं. मावशी एका गुडघ्यापर्यंत झपाझप यायच्या. उजवा हात मांडीवर. डावा हात थोडा वर, हवेत. आणि तिथे थांबायच्या. पुतळा व्हायचा त्यांचा. मी शेजारीच उभी असायचे, पडू नयेत म्हणून. त्यांचा तो हात धरायचे आणि त्या सटकन उभ्या राहायच्या. नाही धरला तर परत खाली.

मला वाटलं, मांडीत जोर कमी पडतोय. ओझं वाढवलं. खुर्चीतून आता चार किलो घेऊन उठायला लागल्या, पण जमिनीवर पुन्हा तेच. मग वाटलं, पडण्याची भीती बसली असेल. खाली दोन गाद्या घातल्या, धीर दिला, थोडं रागावलेसुद्धा. मावशी बिचाऱ्या ओशाळून म्हणायच्या, येतंय मॅडम, पन होत नाही. काय होत नाही ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

नवव्या आठवड्यात नितीन क्लासच्या दारात आला. बाकीच्या बायका गेल्यावर हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही खूप केलंत. आई हसायला लागली, जेवायला लागली. पण उठता येत नाहीये ना? मग आता लिहून टाका. मला रात्रीची झोप हवी आहे." त्या दिवशी घरी जाऊन मी लेटरहेड काढून टेबलावर ठेवलंही होतं. सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतकी लाज मला फार कमी वेळा वाटली.

पत्र लिहिण्याआधी एकदा घर बघावं म्हणून रविवारी मी मावशींना घेऊन गासला गेले. खरं म्हणजे मला त्यांना त्यांचं घर शेवटचं दाखवून आणायचं होतं. असं मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. रिक्षात त्यांनी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

वाडी कमळने सांभाळली होती. मुळ्याचे दिवस होते. कमळ वाफ्यात होती, शेजारी मुळ्याने भरलेली टोपली. आम्हाला बघून तिने हात केला, मग डोक्यावर चुंबळ ठेवली, कपड्याचं ते वेटोळं, आणि एक गुडघा टेकून खाली बसली.

"काकी, हात लाव गं," ती म्हणाली.

मावशी पुढे झाल्या. दोघींनी मिळून टोपली उचलून कमळच्या डोक्यावर ठेवली. कमळचा उजवा हात टोपलीला. डावा हात थोडा वर, हवेत. मावशींनी तो मनगटाशी धरला आणि कमळ सटकन उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे बघितलंही नाही. जसं आपण दार उघडून आत जातो तसं.

मी जागच्या जागी उभी राहिले. तोच गुडघा, तोच हात, तसाच हवेत.

मी कमळला विचारलं, रोज असंच उठता? ती हसली. म्हणाली, भरली टोपली घेऊन एकटी कोन उठतं? मान जाईल. लहानपणापासून कोनीतरी हात लावतं. कोनी नसलं तर हाक मारायची आनि थांबायचं. वाटेने जानारी बाई थांबतेच. हात लावला नाही असं इथं होत नाही.

मग मी मावशींना विचारलं, त्या दिवशी पडलात, तेव्हा काय केलंत?

"हाका मारल्या."

"आणि मग?"

"थांबले."

"उठून बघितलं नाहीत?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेड्यासारखं विचारतेय. "एकटीनं कसं उठनार? हात लावायला कोन नव्हतं."

दोन तास. त्या दोन तासांत ह्या बाईने उठण्याचा एकदाही प्रयत्न केला नव्हता. त्यांना जमत नव्हतं असं नाही. त्या हाताची वाट बघत होत्या, कारण साठ वर्षांत त्या गुडघ्यावरून त्या कधी एकट्या उठल्याच नव्हत्या. आणि फ्लॅटवर श्वेताचा हात, क्लिनिकमध्ये नितीनचा हात. एवढंच नव्हे, क्लासमध्ये नऊ आठवडे मी, शिकली सवरलेली, डाव्या बाजूला उभी राहून तो हवेतला हात धरत होते. मीच तर रोज हात लावत होते. मांडीत जोर कधीच आला होता. श्वेताला हात आवर म्हणून सांगणारी मी, माझा हात मला दिसला नव्हता. मला माझाच इतका राग आला की मी तिथेच बांधावर बसले.

मावशी म्हणाल्या, "काय झालं? चक्कर आली का?"

मी म्हटलं, मावशी, तुमची ती वजनं कुठे आहेत? पिशवीतच होती. क्लासची पिशवी त्या कुठेही नेत. मी त्यांना अंगणात, सारवलेल्या जमिनीवर बसवलं. म्हटलं, या गुडघ्यावर. आल्या. उजवा हात मांडीवर. डावा हात उठायला लागला तेवढ्यात मी त्यात दोन किलोचं वजन ठेवलं आणि चार पावलं मागे जाऊन हात पाठीमागे बांधले.

"हात भरलेला आहे तुमचा. आता कोणी धरू शकत नाही. वजन पुढे धरा आणि उठा."

हे नुसतं मनाचं औषध नव्हतं. वजन पुढे धरलं की शरीराचा तोल पुढच्या पावलावर येतो, उठणं सोपं होतं. पण खरं काम वेगळंच झालं. तो हात वाट बघायचा थांबला.

मावशी क्षणभर तशाच राहिल्या. कमळ डोक्यावरची टोपली घेऊन उभी होती, तिने पुढे यायला पाऊल उचललं. मी डोळ्यांनी तिला थांबवलं. मग मावशींच्या मांडीवरची बोटं रुतली, तोंडातून हुं असा आवाज आला आणि त्या उभ्या राहिल्या. वजन हातात तसंच पुढे धरलेलं, एखादं गिऱ्हाईक समोर असल्यासारखं.

पुढची पाच मिनिटं तेच चाललं. परत खाली बसल्या, परत उठल्या. सात वेळा. मी मोजलं. आठव्या वेळी वजन बाजूला ठेवलं आणि रिकाम्या हाताने उठल्या. मग पडवीच्या खांबाला टेकून खूप हसल्या आणि हसता हसता रडल्या. मीही रडले, सांगायला लाज कसली. कमळने टोपली स्वतःच उतरवली आणि चहा टाकायला गेली.

क्लासमध्ये पुढचे तीन आठवडे मी नियम केला. जमिनीवरून उठताना कोणी कोणाला हात लावायचा नाही. साठेबाईंनी तो नियम कागदावर लिहून भिंतीला चिकटवला, खाली रेघ मारून. मावशी पाच किलोचं वजन दोन्ही हातांत धरून उठायला लागल्या. साठेबाई तीनवर अडकल्या आणि त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

माघी गणपतीच्या आदल्या सकाळी नितीन आणि श्वेता आईला घेऊन आले. तीच मॅट. टेबलावर लेटरहेड आणि पेन मी मुद्दाम ठेवलं होतं. गासचं मी नितीनला काही सांगितलं नव्हतं. मावशी खाली बसल्या. पाठीवर झोपल्या, अगदी पडल्यावर झोपतात तशा. कुशीवर वळल्या, हातांवर आल्या, एक पाऊल पुढे टाकलं. आणि नितीनचा हात पुढे गेला. आपोआप. श्वेताने त्याची बाही ओढली, पण तोवर हात मावशींच्या समोर होता.

मावशींनी त्या हाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मागे घे, नितीन. मला उठायचंय."

आणि उठल्या. पदर नीट केला. मॅटची गुंडाळी केली, उचलली आणि कोपऱ्यात नेऊन उभी केली. ते मी सांगितलं नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं.

नितीन खुर्चीत बसला. पहिल्यांदाच माझ्या क्लिनिकमध्ये तो बसला. मग त्याने आईचा हात धरून कपाळाला लावला.

मावशी म्हणाल्या, तू रोज खुर्चीत बसून काम करतोस, तुला येतं का रे? नितीन हसला, म्हणाला, आई, मी पंचेचाळीसचा आहे. मावशींनी मॅट परत आणून अंथरली. तो बसला. कुशीवर वळला, हातांवर आला, गुडघ्यावर आला. तिथून त्याने एकदा जोर केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा डावा हात माझ्या टेबलाच्या कडेला शोधायला लागला. टेबल लांब होतं. श्वेता तोंडावर ओढणी धरून उभी होती.

शेवटी मावशी वाकल्या, मनगट धरलं आणि त्याला वर घेतलं. एका झटक्यात. पंचाऐंशी किलोचा मुलगा.

मावशी आता गासला राहतात. मोबाइल कमरेच्या पिशवीत असतो, ती नितीनची अट, आणि ती रास्त आहे. मंगळवारी क्लासला येतात, येताना मुळे आणतात. साठेबाई पाच किलोवर आल्या आहेत. आणि मला एक गोष्ट कळली, जी मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत होते. पेशंटला हात देण्याआधी बघावं, तिला तो हवा आहे की नुसती सवय आहे. माझ्या क्लासमध्ये मी आता पेशंटच्या समोर उभी राहते आणि माझे दोन्ही हात पाठीमागे असतात.

पत्र मात्र मी त्या दिवशी दिलं. नितीनने मागितलं होतं आणि मी शब्द दिला होता. लेटरहेडवर, तारीख घालून, सहीशिक्क्यासह. रुग्णाचं नाव, नितीन. तक्रार, जमिनीवरून एकट्याने उठता येत नाही. सल्ला, दर रविवारी गासला जाऊन आईच्या देखरेखीखाली वाडीत काम करावे.

तो जातो. परवा मावशी सांगत होत्या, अजून टोपलीला हात लावावा लागतो, पन येतंय त्याला हळूहळू.